युनिट बदललं, तरी गाडी मिसच मारते?

माझ्या ६५० सीसी ट्विन सिलिंडर गाडीचं इग्निशन युनिट मी एकाच वर्षात दोनदा बदललं. दोन्ही वेळा काढलेलं युनिट चांगलं होतं. गाडी सकाळी किक उलटी मारायची, तापली की मध्येच एका सिलिंडरवर यायची, आणि रात्री हेडलाइट लावून सिग्नलला उभं राहिलं की बंद पडायची. प्रत्येक जाणकाराने एकच निदान केलं, ‘इलेक्ट्रॉनिक गेलं.’ खरा दोष सापडला हँडलवरच्या किल स्विचमध्ये, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणात. आतली पितळी पट्टी काळी पडली होती. पॉलिश पेपरचे चार हात मारल्यावर गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

तेव्हापासून जुन्या गाडीचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बदलायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी थांबवतो. इग्निशन म्हणजे सीटखालची ती काळी डबी नव्हे. बॅटरी, चावी, किल स्विच, वायर, अर्थ (फ्रेममार्गे बॅटरीकडे परत जाणारी जोडणी), कॉईल, प्लग कॅप, प्लग आणि कॅमच्या टोकाला फिरणारा रोटर, ही सगळी एकच साखळी आहे. युनिट त्यातली एक कडी, आणि बहुतेक वेळा सगळ्यात धडधाकट कडी. साखळी समजली की कुठलं युनिट घ्यायचं, ते कसं बसवायचं आणि मुळात बदलायचं की नाही, हे तिन्ही प्रश्न सोपे होतात.

ठिणगी येते कुठून

बॅटरी १२ व्होल्टची. प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला मात्र दहा-वीस हजार व्होल्ट लागतात. मधलं काम कॉईल करते. कॉईलमध्ये लोखंडी गाभ्यावर तारेचे दोन थर असतात: जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे त्याच्या साधारण शंभरपट वेढे. जाड तारेतून करंट वाहतो तोवर गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठत राहतं. ठिणगी पडते ती हा करंट तुटतो त्या क्षणी.

नळ जोरात सुरू असताना एकदम बंद केला तर भिंतीतला पाईप धाडकन वाजतो, कारण वाहत्या पाण्याचा वेग एका झटक्यात अडतो आणि दाब चढतो. कॉईलमध्ये तसंच होतं. करंट झटक्यात तोडला की जाड तारेच्या बाजूलाच दोन-तीनशे व्होल्टचा दाब उसळतो आणि बारीक तारेत त्याचे हजारो व्होल्ट होतात. करंट जितका झटक्यात तुटेल तितकी ठिणगी दमदार, आणि तुटण्याआधी जितका साठला असेल तितकी ती टिकाऊ.

चार्ल्स केटरिंग यांनी ही बॅटरी-कॉईलची पद्धत १९१०च्या सुमारास मोटारींसाठी रुळवली. पुढची साठ वर्षं करंट तोडायचं काम पॉइंट करत राहिले. कॅमच्या उंचवट्याने उघडणारी ही स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या टोकांची जोडी. उघडताना तिथेच ठिणगी उडून करंट रेंगाळू नये म्हणून शेजारी साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. रचना साधी आणि रस्त्यावर दुरुस्त होणारी. पण पॉइंटची टोकं जळतात, कॅमवर घासणारी टाच झिजते, फट कमी होते आणि फट बदलली की टायमिंगही सरकतं. ट्विनला पॉइंटचे दोन जोड, म्हणजे दोन सिलिंडरची टायमिंगं एकमेकांपासून दूर जाण्याची सोयच.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर बसवतं. घासणारं काही उरत नाही. रोटरवरचं फिरणारं चुंबक जवळून गेलं की पिकअप, म्हणजे शेजारी बसवलेला सेन्सर, इशारा देतो आणि ट्रान्झिस्टर करंट तोडतो. १९६९ साली कावासाकीची ५०० सीसी एच-१ कारखान्यातूनच सीडीआय (कपॅसिटरवर चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) घेऊन आली, आणि १९७९च्या मॉडेलपासून ट्रायम्फ बॉनव्हिलही इलेक्ट्रॉनिक झाली. म्हणजे आज ज्या गाड्यांना आपण ‘व्हिंटेज’ म्हणतो त्यांतल्या कित्येकींवर आधीच इलेक्ट्रॉनिक आहे, कारखान्याचं तरी किंवा मधल्या एखाद्या मालकाने लावलेलं तरी. म्हणून आज बहुतेकांपुढचा प्रश्न ‘पॉइंट की इलेक्ट्रॉनिक’ असा उरलेला नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं एक इलेक्ट्रॉनिक काढून त्या जागी नवं इलेक्ट्रॉनिक लावायचं असतं, आणि लोक फसतात ते नेमके इथेच. दोन्हींवर ‘इलेक्ट्रॉनिक’ लिहिलेलं असतं म्हणून दोन्ही सारखी, असं वाटतं.

ॲडव्हान्स: अर्धा घोटाळा इथेच

पेट्रोल-हवेचं मिश्रण जळायला वेळ लागतो. दाब पिस्टनवर खरा बसायला हवा तो पिस्टन वरच्या टोकावरून खाली निघाल्यावर. त्यासाठी ठिणगी आधीच पाडावी लागते. हजार आरपीएमला क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो इंजिनचा मुख्य दांडा) एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, सहा हजाराला ३६ अंश. जळण्याचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून आरपीएम वाढला की ठिणगी आणखी आधी पाडायची. यालाच ॲडव्हान्स म्हणतात. ट्रायम्फच्या ६५० ट्विनला पूर्ण ॲडव्हान्स ३८ अंश लागतो, नॉर्टन कमांडोला २८. म्हणजे शेजारच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला चालत नाही.

सुरू करताना मात्र ॲडव्हान्स अगदी थोडा हवा. झोका आपल्याकडे येत असतानाच ढकलला तर हाताला हिसका बसतो. किक मारताना ठिणगी फार आधी पडली तर पिस्टन वर पोचायच्या आतच मागे ढकलला जातो आणि तो हिसका तुमच्या घोट्याला बसतो.

जुन्या गाड्यांत हा बदल करायला कॅमच्या टोकाला दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅम थोडा पुढे फिरवतात. काही इलेक्ट्रॉनिक संच, उदाहरणार्थ होंडा सीबी७५० वगैरेंसाठी मिळणारा डायना एस, ही वजनं तशीच ठेवतात आणि फक्त पॉइंटची जागा घेतात. बॉयर ब्रॅन्सडेनसारखे संच वजनं काढायला लावतात, कारण ॲडव्हान्स युनिटच करतं.

त्यामुळे एका जातीचा संच काढून दुसऱ्या जातीचा लावताना पहिला प्रश्न हा: ॲडव्हान्स करणार कोण? वजनंही राहिली आणि युनिटही ॲडव्हान्स करतंय, तर वरच्या वेगात ठिणगी कितीतरी आधी पडेल, इंजिन नॉक करेल, आणि तसंच दामटलं तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडेल. वजनं काढली आणि युनिट ॲडव्हान्स करणारं नाही, तर गाडी एकतर किक उलटी मारेल, नाहीतर वरच्या वेगात दमून जाईल आणि सायलेन्सरचा पाईप निळा पडेल.

कॉईल जुळते का

मल्टिमीटर घ्या आणि कॉईलच्या दोन छोट्या टोकांमधला रेझिस्टन्स मोजा. १२ व्होल्टच्या जुन्या कॉईलला ३ ते ४ ओहम दाखवेल, ६ व्होल्टच्या कॉईलला साधारण दीड ते दोन.

आता ट्विनकडे या. पॉइंट असताना दोन १२ व्होल्ट कॉईल, प्रत्येकीला आपापला पॉइंट. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक संचांत मात्र युनिटला एकच तोंड असतं. दोन्ही प्लग एकदमच ठिणगी देतात: एक कॉम्प्रेशनवर असलेल्या सिलिंडरमध्ये आणि दुसरी, एक्झॉस्टवर असलेल्या सिलिंडरमध्ये, फुकट. ही ‘वाया जाणारी ठिणगी’ काही बिघडवत नाही. दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होणाऱ्या गाडीला ती छान चालते. पण दोन कॉईल आता एकामागे एक जोडल्या जातात. जुन्याच १२ व्होल्टच्या ठेवल्या तर एकूण ६ ते ८ ओहम झाले. १२ भागिले ७ म्हणजे पावणेदोन अँपिअरही नाही. ठिणगी मरतुकडी. म्हणूनच अशा संचाला ६ व्होल्टच्या दोन कॉईल किंवा दोन तोंडांची एकच कॉईल सांगितलेली असते: एकूण ३ ते ४ ओहम, करंट ३ ते ४ अँपिअर. ६ व्होल्टची कॉईल १२ व्होल्टच्या गाडीला लावायला सांगतात म्हणून घाबरणारे भेटतात. हिशोब हा असा आहे.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. कुठल्यातरी नव्या गाडीची अर्ध्या ओहमची कॉईल मिळाली म्हणून लावली तर करंट वीस अँपिअरच्या पुढे जाऊ पाहील. युनिटमधला ट्रान्झिस्टर तेवढ्यासाठी बनलेलाच नसतो. युनिटच्या कागदावर किमान किती ओहम हवेत ते लिहिलेलं असतं. माझ्या मते त्या कागदावरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच.

सीडीआयचं गणितच वेगळं. तिथे कॉईलमध्ये काही साठवत नाहीत. युनिटमधला कपॅसिटर काही शे व्होल्टला भरतो आणि इशारा आला की कॉईलमध्ये एकदम रिता होतो. त्यामुळे सीडीआयची कॉईल वेगळी, कमी रेझिस्टन्सची. त्यातही एक सीडीआय मॅग्नेटच्या वेगळ्या कॉईलवर चालतो, दुसरा बॅटरीवर. दिसायला सारखे, कनेक्टरही कधी कधी सारखा. अदलाबदल केली की जळतात.

पिकअपचंही तसंच. तारेच्या गुंडाळीचा पिकअप वेगाच्या प्रमाणात इशारा देतो, म्हणून किक हलकी पडली तर इशारा कमजोर. दुसरा प्रकार हॉल सेन्सर, चुंबक समोर आलं की ओळखणारा. त्याला स्वतःला वीज लागते, पण इंजिन कितीही हळू फिरलं तरी तो ठणठणीत सांगतो. हलक्या पायाच्या माणसाने हॉलवाला संच घ्यावा, असं मी आवर्जून सांगतो. एका संचाचा पिकअप आणि दुसऱ्याचं युनिट मात्र जोडू नये. संच घ्यायचा तो पूर्ण घ्यायचा.

आणि जोडण्याआधी अर्थ कुठल्या बाजूचा आहे ते बघा. १९७०च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक फ्रेमला असतं. पॉइंटला त्याने काही फरक पडत नव्हता, ट्रान्झिस्टर मात्र एका चुकीत संपतो.

वीज पोचते का, ते दिव्याने बघा

आता माझ्या किल स्विचची गोष्ट पूर्ण करतो. दोन्ही वेळा मी मल्टिमीटर लावला होता. चावी चालू करून युनिटच्या वायरवर १२.४ व्होल्ट बघितले आणि समाधानाने मान हलवली. चूक तिथेच होती. इंजिन उभं असताना बरीचशी युनिटं कॉईल जळू नये म्हणून करंट आपणहून बंद ठेवतात. करंट वाहतच नसेल तर खराब स्विचमधूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं.

खरी तपासणी भार टाकून होते. मी युनिटला वीज आणणारी फीड वायर सोडवली, तिला ३५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब जोडला, बल्बचं दुसरं टोक युनिटच्या अर्थ वायरला लावलं आणि चावी फिरवली. बल्ब पिवळट पेटला. बॅटरीवर १२.३, बल्बच्या टोकांवर ९.९. जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेत गेले. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या टोकावर रोवून दुसरी एकेका जोडावर टेकवत गेलो. फ्यूजवर ०.१. चावीच्या आधी ०.२, चावीनंतर ०.७. किल स्विचच्या आधी तेवढेच, नंतर २.१. उरलेला थोडा अर्थच्या बाजूला. फ्रेमला नवं पावडर कोटिंग झालं होतं आणि अर्थचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाचं कडं, त्या रंगावरच आवळला होता.

तीन अँपिअर वाहताना वाटेत अर्धा ओहम असला तरी दीड व्होल्ट जातात. पॉइंटवरची गाडी एवढं सोसते, ठिणगी थोडी मलूल होते इतकंच. इलेक्ट्रॉनिक सोसत नाही. काही जुने ॲनालॉग संच व्होल्टेज पडलं की टायमिंगच पुढे सरकवतात, म्हणजे बॅटरी दमलेली असताना, किक मारायच्या नेमक्या वेळी, ॲडव्हान्स वाढतो. माझी किक उलटी मारत होती ती यामुळे. मायक्रोप्रोसेसर असलेली नवी युनिटं कमी व्होल्टेजवर ठिणगी देणंच थांबवतात.

आता माझ्या गाडीत चावी आणि किल स्विच फक्त एक छोटा रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवतात. युनिटला वीज बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमधून सरळ जाते. युनिटची, इंजिनची आणि फ्रेमची अर्थ वायर एकाच लगवर येऊन बॅटरीला जाते. तासाभराचं काम. नवं युनिट मागवण्याआधी हा एक तास द्याच. त्यातून गाडी सुधारली तर युनिट मागवायचं कारणच उरणार नाही.

त्याच बैठकीत पिकअपच्या वायरी बोटांमध्ये धरून इंचाइंचाने वाकवून बघा. टायमिंग कव्हरच्या आत त्यांना उष्णता आणि थरथर दोन्ही लागतं, आणि आतली तांब्याची तार तुटते पण वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं. मीटरवर ओहम बघत वायर हलवायची. आकडा उड्या मारू लागला की समजायचं.

प्लग कॅपबद्दल थोडक्यात: ५ किलो-ओहमची रेझिस्टर कॅप किंवा रेझिस्टर प्लग, दोन्हींपैकी एक तरी असू द्या. उघड्या तांब्याच्या वायरीतून फेकला जाणारा रेडिओ गोंगाट नव्या युनिटच्या प्रोसेसरला गोंधळात टाकतो. आणि ठिणगी बघायला प्लग काढाल तेव्हा त्याची बॉडी हेडला घट्ट टेकलेली हवी. वायर मोकळी लोंबत ठेवून किक मारली तर ते हजारो व्होल्ट कॉईलच्या आतून किंवा युनिटमधून वाट काढतात.

टायमिंग: घाई करायची नाही अशी जागा

आधी पिस्टनचं वरचं टोक नेमकं शोधायचं. प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून ‘आता थांबला’ म्हणणं पुरत नाही. ८२ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात टोकाच्या जवळ क्रँक ५ अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम ०.२ मिलिमीटर हलतो. हाताला ते कळणारच नाही. क्रँकवर अंशांची चकती बसवा, प्लगच्या भोकात पिस्टनला अडवणारा स्टॉपर लावा, क्रँक हलक्या हाताने एका बाजूला अडेपर्यंत फिरवा, आकडा लिहा, मग उलट्या बाजूला अडेपर्यंत. दोन आकड्यांचा बरोबर मध्य म्हणजे टोक. तिथून ३८ अंश मागे गेलात तर पिस्टन याच इंजिनात सुमारे साडेदहा मिलिमीटर खाली असतो. तिथे क्रँकवरच्या अल्टरनेटरच्या रोटरवर स्वतःची बारीक पांढरी खूण करा. आधीची खूण असली तरी तिच्यावर विसंबू नका. एवढ्या वर्षांत रोटर कुणी बदलला, कुठल्या मॉडेलचा लावला, कोण सांगणार?

पिकअपच्या प्लेटसमोरचा चुंबकाचा रोटर कॅमच्या वेगाने फिरतो, म्हणजे क्रँकच्या निम्म्या. त्यामुळे प्लेट १ अंश हलवली तर इंजिनचं टायमिंग २ अंश हलतं. स्क्रू किंचित सैल ठेवून प्लेट हाताने ढकलणारे इथे चुकतात. मी पेन्सिलने प्लेट आणि केसवर मिळून एक रेघ ओढतो आणि रेघेच्या जाडीइतकंच एका वेळी सरकवतो.

चुंबकाचा रोटर कॅमच्या निमुळत्या टोकात बसतो आणि मधला बोल्ट त्याला धरतो. बोल्ट थोडा लांब असेल तर तो आत तळाला टेकतो, हाताला घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि रोटर मात्र सैलच राहतो. गाडी दोन दिवस सुरेख चालते आणि मग टायमिंग निघून जातं. बसवण्याआधी वॉशरसकट बोल्ट मोजा, लांब असेल तर घासा. निमुळता भाग पेट्रोलने पुसून कोरडा करा, तेलाचा थेंबही नको.

स्थिर टायमिंग फक्त गाडी सुरू होण्यापुरतं. खरं टायमिंग स्ट्रोब लाइटने (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा), पूर्ण ॲडव्हान्सवर. त्यासाठी संचाच्या कागदात दिलेल्या आरपीएमपर्यंत रेस करावी लागते, काहींना ५,००० पर्यंत. समोर मोठा पंखा ठेवा, कान झाका आणि एका वेळी काही सेकंदच बघा, उभ्या गाडीचं एअर-कूल्ड इंजिन झपाट्याने तापतं. स्ट्रोबला वीज वेगळ्या बॅटरीवरून द्या. खूण एका जागी स्थिर दिसली तर उत्तम. ती थरथरत असेल तर युनिटवर संशय घेण्याआधी कॅमच्या टोकाचा खेळ बघा. बुश झिजलं असेल तर रोटरच डोलतो, आणि ते कुठलंही युनिट सुधारू शकत नाही.

हे सगळं केल्यावर काय मिळतं? ताकद वाढेल अशी अपेक्षा धरू नका. दोन्ही सिलिंडरचं टायमिंग सारखं राहतं, स्लो एकसारखा लागतो, पहिल्या-दुसऱ्या किकला गाडी उठते आणि दर दीड-दोन हजार किलोमीटरला फट बघायची चिंता जाते. बॅटरीशिवाय मॅग्नेटोवर, म्हणजे ठिणगीची वीज स्वतःच बनवणाऱ्या यंत्रावर, धावणारी गाडी असेल आणि मॅग्नेटो चांगला असेल, तर मी त्याला हात लावणार नाही.

काढलेली पॉइंटची प्लेट, दोन कंडेन्सर, ॲडव्हान्सची वजनं आणि जुन्या कॉईल एका डब्यात नीट ठेवा. पॉइंट रस्त्यात नेलफाइलने घासून घरी येता येतं, युनिट बंद पडलं तर उघडायलाही काही नसतं. लांबच्या प्रवासाला मी प्लेटची फट आधीच लावून, ती केसवर कुठे बसते त्याची खूण करून डबा सोबत घेतो. आणि नव्या संचावर पहिले दोनशे किलोमीटर झाले की कव्हर उघडून रोटरचा बोल्ट बघतो, पेन्सिलची रेघ जुळते का ते तपासतो आणि स्ट्रोब पुन्हा एकदा लावतो. त्या दिवशी खूण होती तिथेच दिसली, की कव्हरचे स्क्रू शेवटचे आवळतो.